सकाळी आठला अंधार

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

डिसेंबरात लातूरहून एका आईचा फोन आला. मुलगी एमबीबीएससाठी किर्गिझस्तानातल्या ओश शहरात गेलेली. "मॅडम, पोरगी नुसती रडायलीय. माघारी आणावं का?" लेकरू परदेशी गेलेल्या आईवडिलांकडून हा प्रश्न मला नेहमी येतो.

मुलीशी व्हिडिओवर बोलले. हॉस्टेल ठीक होतं, अभ्यासही जमत होता. "कुणी त्रास देत नाही, पण कुणी बोलतही नाही. सकाळी आठला उठावं तर बाहेर अंधार. दुकानातली बाई हसत नाही. मी इथं नकोशी आहे, मॅडम."

'नकोशी' हा शब्द मी लिहून घेतला. आपल्याकडच्या मुलीच्या तोंडून तो आला की मी थांबतेच.

तिच्या घरी शांतता फक्त कुणी रुसलं असेल तेव्हाच असायची. एरवी मिक्सर, टीव्ही, शेजारणीच्या हाका. ओशची शांतता ती त्याच हिशोबाने वाचत होती. तिथं अनोळखी माणसाकडे बघून हसायची पद्धत फारशी नाही, त्यात राग नसतो. अंधाराचंही तसंच. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आणि शहर बरंच उत्तरेला, त्यामुळे डिसेंबरात सूर्य सव्वाआठनंतर उगवतो. उजेडाची सवय असलेल्या शरीराला हे जड जातंच. तिचा निर्णय चुकला असं त्यावरून ठरत नाही.

मग दोन गोष्टी ठरवल्या. दुपारी ऊन असेल तेव्हा मैत्रिणीबरोबर सुलेमान-तूच्या पायथ्याशी अर्धा तास चालायचं. हा डोंगर शहराच्या मधोमध आहे, वाट चुकायची भीती नाही. आणि दर शनिवारी जायमा बाजारात एकाच बाईकडून नान घ्यायचं. तिला 'एजे' म्हणायचं, म्हणजे ताई, आणि निघताना 'रहमत', म्हणजे धन्यवाद. तिसऱ्या शनिवारी मुलीने नान पिशवीत उलटं ठेवलं. एजेने ते बाहेर काढून सुलटं केलं आणि तिच्या गालावर हात ठेवला. तिथं नान उलटं ठेवत नाहीत. हे सांगताना ती पहिल्यांदा हसली.

आईला समजावणं जास्त अवघड गेलं. मे 2024 मध्ये राजधानी बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले, भारतीय मुलांना खोलीतच थांबायला सांगितलं गेलं. ती बातमी आईच्या मनातून जात नव्हती. ही भीती खोटी नव्हती, म्हणून मी ती उडवून लावली नाही. दूतावासाचा नंबर दोघींच्या फोनमध्ये घातला, रात्री एकटीने बाहेर पडायचं नाही हे ठरलं. पण दिवसाचे सात फोन कमी करून रात्रीचा एकच ठेवायला आई महिनाभर तयार नव्हती. प्रत्येक फोनवर "रडलीस का?" विचारलं की लेकरू रडणारच.

आईला आणखी एक बजावलं. दोन आठवडे जेवण-झोप सुटली तर वाट बघू नका, डॉक्टर गाठा. जगण्यात अर्थ नाही असं ती एकदाही बोलली तर त्याच दिवशी. तेव्हा फी किंवा वर्ष वाया जाण्याचा विचार करायचा नाही, खुशाल घरी आणा.

तशी वेळ आली नाही. मार्चमध्ये नूरूझला, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या सणाला, एजेच्या घरी मोठ्या कढईत सुमोलोक शिजत होतं, गव्हाच्या मोडांचं, रात्रभर ढवळावं लागतं. मुलीने फोटो पाठवला. आईने तो मला पुढे पाठवला आणि खाली विचारलं होतं, "रात्रभर जागली असंल का हो पोरगी?"