तो फोटो अजून फिरतोय, मॅडम

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एक ताई मागच्या श्रावणात माझ्याकडे आल्या. वय 43, एका पतसंस्थेत नोकरी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि त्यांना विचारूनच हे लिहितेय.) खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मॅडम, पावडर बंद केली की वजन दुपटीनं परत येतं, हे खरं का?"

आहार समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न मी इतक्या जणींकडून ऐकलाय की उत्तर तोंडावर असतं. पण नुसत्या उत्तरानं कोणाचीच भीती जात नाही. म्हणून मी उलट विचारलं, "हे सांगितलं कोणी?"

"मोठ्या जाऊबाईंनी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गुढीपाडव्यानंतर जाऊबाईंनी त्यांना एका 'क्लब'मध्ये नेलं होतं. एका सोसायटीतला तळमजल्याचा फ्लॅट. सकाळी पावणेसातला बायका जमतात, वजनकाट्यावर उभ्या राहतात, आकडा कमी आला की टाळ्या वाजतात, मग वजन उतरवायच्या पावडरीचा शेक मिळतो. जाऊबाई तिथल्या जुन्या सभासद, आणि ताईंचं नाव त्यांच्याच खाली लावलेलं. म्हणजे ताईंनी पावडरीचा डबा घेतला की त्यातला थोडा वाटा जाऊबाईंना मिळायचा. संध्याकाळचाही शेक. जेवण फक्त दुपारचं: दोन पोळ्या, भाजी, काकडी. शिवाय दोन वेळा 'फॅट बर्नर' कॅप्सूल.

सुरुवातीला वजन 74 किलो, उंची 156 सेंटिमीटर. पहिल्या आठवड्यात 2.6 किलो उतरलं. महिन्याअखेर काटा 69.5 वर. क्लबमध्ये त्यांचा सत्कार झाला, पिवळ्या साडीतला फोटो काढला आणि आधीच्या फोटोशेजारी लावून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकला. माझ्याकडे आल्या त्या दिवशी वजन होतं 73.8.

"आणि मॅडम, तो फोटो अजून फिरतोय. परवा आमच्या ऑफिसातल्या मुलीनं मलाच दाखवला. म्हणाली, बघा ना, या बाईंचं किती कमी झालंय. तिनं मला ओळखलं नाही."

एवढं बोलून त्या रडल्या. मी थांबले. वजनाविषयी बोलायला आलेली माणसं बहुतेक वेळा फसल्यापेक्षा हरल्याच्या भावनेनं रडतात. पावडर भारी आहे, आपणच कमी पडलो, असं त्यांना मनापासून वाटत असतं. मला या सगळ्या बाजारातली सगळ्यात क्रूर गोष्ट हीच वाटते. उतरलं तर श्रेय डब्याचं, वाढलं तर दोष बाईचा.

मग मी कागद घेतला आणि पहिल्या आठवड्याचा हिशोब मांडला. शरीरातली एक किलो चरबी जायची तर साधारण 7,700 कॅलरींची तूट लागते. 2.6 किलो सगळी चरबीच असती तर आठवड्यात 20,000, म्हणजे दिवसाला साडेअठ्ठावीसशेच्या वर तूट पडायला हवी होती. त्यांच्या शरीराचा दिवसभराचा एकूण खर्चच 1,800 च्या आसपास. सात दिवस पाण्यावर काढले असते तरी हे जमलं नसतं. "मग गेलं काय?" त्यांनी विचारलं. जास्त करून पाणी. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, ग्लायकोजेन, त्याच्या दर ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की तो साठा संपतो, पाणी निघून जातं. पुन्हा नीट जेवलं की साठा भरतो आणि पाणीही परत येतं. काट्याला चरबी आणि पाणी वेगळं कळत नाही, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनाही.

पुढच्या तीन आठवड्यांत मात्र थोडी चरबी खरोखर गेली होती. कशानं? मी त्यांनाच दिवसाचा हिशोब करायला सांगितला. दोन शेक दुधासकट चारशे, दुपारचं जेवण साडेचारशे-पाचशे. नऊशेच्या आत-बाहेर. "एवढंच खाल्लं तर पावडरीशिवायही उतरलं असतं की," त्या स्वतःच म्हणाल्या. हो. पण एवढ्यावर महिनोन्महिने राहू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार मार्गदर्शनातही वजन कमी करायचा आहार 1,000 कॅलरींच्या खाली नसावा आणि आठवड्याला अर्धा किलो उतरणं सुरक्षित, असंच सांगितलंय.

शेकनं वजन उतरतच नाही, असं मी कोणालाही सांगत नाही, कारण ते खोटं ठरेल. स्कॉटलंड आणि ईशान्य इंग्लंडमध्ये 'डायरेक्ट' नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण 850 कॅलरींचे शेक-सूप दिले आणि वर्षाअखेर त्यातल्या 46 टक्के जणांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. पण तिथे डॉक्टर-नर्स सोबत होते, मधुमेह-रक्तदाबाची औषधं त्यांच्या सांगण्यावरून थांबवली होती, आणि नंतर नेहमीच्या जेवणावर परत कसं यायचं हे आठवड्या-आठवड्यानं शिकवलं होतं. परत यायचा रस्ता क्लबमध्ये कोणी दाखवत नाही. परत जेवायला लागलेली बाई डबा घेत नाही ना.

"रात्री दहानंतर काय खाता?" मी विचारलं.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चिवडा." सगळे झोपल्यावर ओट्याशी उभं राहून, दिवा न लावता. कधी मुठीनं, कधी डब्यातच हात. मुलाच्या ताटातलं उरलेलंही. नाशिकच्या घरात चिवड्याचा डबा नसेल असं होत नाही, आणि तळलेल्या चिवड्याच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 500 कॅलरी असतात. हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की दिवसभर नऊशेवर ठेवलेलं शरीर रात्री अन्न मागणारच. त्या भुकेला 'मनाचा कमकुवतपणा' म्हणू नका. तुम्ही दिवसा जेवलात तर रात्रीचा चिवडा आपोआप कमी होईल. तसंच झालं, पण ते नंतर.

आता डबा. पुढच्या भेटीला त्या पिशवीत घालून घेऊन आल्या. लेबल दोघींनी मिळून वाचलं, त्यांना चष्मा लागतो म्हणून मी मोठ्यानं. मुख्य घटक सोया प्रोटीन, मग साखरेचे एक-दोन प्रकार, स्वाद, कॅल्शियम, लोह, जीवनसत्त्वं. एका मापात 9 ग्रॅम प्रथिनं, आणि ते माप पडत होतं 110 रुपयांना. 40 ग्रॅम फुटाण्यांत जवळपास तेवढीच प्रथिनं असतात. त्या म्हणाल्या, "पण यावर सरकारचा परवाना नंबर आहे ना?" आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा तो 14 आकडी नंबर कोणी बनवलं आणि जबाबदारी कोणाची हे सांगतो. त्यानं चरबी वितळते, असं त्या प्राधिकरणानं कुठेही म्हटलेलं नाही. उलट नियमानुसार अशा डब्यांवर 'औषधी वापरासाठी नाही' अशी ओळ छापावी लागते. ती होती. ताईंनी तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "मला तर सांगितलं होतं, यानं थायरॉईडची गोळी सुटेल."

माझे कान तिथे टवकारले. थायरॉईडचा उल्लेख पहिल्या भेटीत त्यांनी ओझरता केला होता. गोळी सहा वर्षांपासून चालू. पाडव्याआधी टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा) 3.1 होतं, जुलैत 9.8. क्लबमध्ये त्यांना सांगितलं, "बघा, थायरॉईड वाढलाय म्हणून वजन परत आलं, आता शेक तीन वेळा घ्या." मी विचारलं, गोळी किती वाजता घेता? सव्वासहाला. शेक? पावणेसातला.

थायरॉक्सिनची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते, हे बहुतेकांना माहीत असतं. पण कॅल्शियम आणि लोह त्या गोळीला आतड्यातच अडवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात, हे माहीत नसतं. सोयाही ती नीट शोषू देत नाही. म्हणजे रोज सकाळी अर्ध्या तासाच्या अंतरानं त्या गोळी घेत होत्या आणि तिच्यावर तिचं काम अडवणारं सगळं एकाच ग्लासातून पीत होत्या. गोळीचा डोस ठरवणं माझं काम नाही. मी चिठ्ठी लिहून त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी डोस तोच ठेवला, सकाळचा शेक बंद करायला सांगितलं आणि सात आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. टीएसएच 3.6.

आणि एक सांगते, कारण 'माझं थायरॉईडमुळेच' हे वाक्य रोज कानावर येतं. थायरॉईड कमी पडल्यानं वाढणारं वजन साधारणपणे दोन ते साडेचार किलो, तेही बरंचसं पाणी आणि मीठ. पंधरा किलोंचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही.

केसही गळत होते. "टॉक्सिन बाहेर पडतायत" असं त्यांना सांगितलं होतं. हे ऐकून मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. अचानक उपासमार झाली की दोन-तीन महिन्यांनी केस झडीनं गळतात, ही शरीराची जुनी, ओळखीची प्रतिक्रिया आहे. पोटभर जेवण सुरू झालं की काही महिन्यांत थांबते. यावर क्लबनं बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या पुढे केल्या होत्या. बायोटिन जास्त प्रमाणात घेतलं तर थायरॉईडच्या रक्ततपासणीचे आकडेच चुकीचे येऊ शकतात, म्हणून तपासणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवायला सांगतात. नशीब, त्यांनी बाटली उघडली नव्हती.

राहिली कॅप्सूल. "ती तर आपल्या आमसुलाचीच आहे मॅडम, त्यानं काय होणार?" आमसुलाची नव्हे, कोकमाच्या केरळी चुलतभावाची, गार्सिनिया कंबोजियाची. 1998 मध्ये अमेरिकेत 135 जणांवर बारा आठवडे तिची परीक्षा झाली. निम्म्यांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण अर्क नसलेली. वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आणि एकवटलेल्या अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. सोलकढी खुशाल प्या, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. मी त्यांना धडधड, झोप उडणं, तोंड कोरडं पडणं असं काही होतं का, हेही विचारलं. 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या सडपातळ करणाऱ्या गोळ्यांत सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध मिसळलेलं अनेकदा सापडलंय. हृदयाच्या धोक्यामुळे हे औषध भारतात 2011 पासून बंद आहे. लेबल नसलेली पुडी घेऊन कोणी आलं तर मी आधी हेच विचारते. ताईंना तसं काही होत नव्हतं. यकृताची तपासणीही डॉक्टरांनी करून घेतली, नीट निघाली.

मग पहिला प्रश्न. बंद केल्यावर परत येतं का?

मी म्हणाले, पहिल्या आठवड्यात एक किलोच्या आसपास वाढेल. ते पाणी असेल. त्या आठवड्यात काट्यावर उभ्या राहू नका, आणि राहिलातच तर घाबरून डबा उघडू नका. जाऊबाई म्हणतील, बघ, सांगितलं होतं ना. तेव्हा हे आठवा. आठव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, "900 ग्रॅम." आवाजात भीती नव्हती. आधीच सांगून ठेवलेल्या गोष्टीची माणसाला फारशी भीती वाटत नाही.

जेवण बसवायला फार वेळ लागला नाही. सकाळी मुगाचं धिरडं किंवा दोन अंडी, दुपारी डब्यात उसळ आलीच पाहिजे, चारला फुटाणे, रात्री आठला पोळी-भाजी-वरण-ताक. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर आठवड्यातून पाच दिवस चालणं. रविवारी घरचे सगळे मिसळ खायला जातात, तिथे त्याही जातात. एक पाव, तर्री कमी, दही घेतात. नवरात्रात साबुदाण्यानं घोळ घातला, तो निस्तरला.

अवघड होतं ते वेगळंच. मी एकदा विचारलं होतं, तुमच्याबरोबर क्लबमध्ये किती जणी सुरू झाल्या? अठरा-वीस. आता किती येतात? पाच-सहा. बाकीच्यांचं वजन किती आहे? त्यांना माहीत नव्हतं, कोणालाच नव्हतं. ग्रुपवर फोटो मात्र सगळ्यांचे होते, ज्या दिवशी वजन सगळ्यात कमी होतं त्या दिवसाचे. त्या दिवशी घरी जाऊन ताईंनी जाऊबाईंना फोन केला आणि आपला फोटो काढून टाकायला सांगितलं. जाऊबाईंना ते फार लागलं. त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही. त्यांनाही कोणीतरी असंच पटवून खाली जोडलं होतं, आणि ताईंचं भलं व्हावं असंच त्यांना वाटत होतं. फोटो निघाला, पण बोलणं बंद झालं. दिवाळीत दोन घरांत फराळाचे डबे मुलांच्या हातून गेले.

काल ताई येऊन गेल्या. वजन 70.6. पाच महिन्यांत 3.2 किलो. क्लबच्या भाषेत हे काहीच नाही. कमरेचं माप पाच सेंटिमीटर कमी, केस गळायचे थांबलेत. निघताना म्हणाल्या, संक्रांतीला स्वतःच जाणार आहे जाऊबाईंकडे, तिळगूळ घेऊन.

"काय बोलणार?" मी विचारलं.

"वजनाचं काहीच नाही."