प्रार्थनेत मन लागत नाही, मग माझी आत्मिक वाढ होतेय का?

प्रश्न : जय ख्रिस्त ताई. मी घणसोलीला राहते, नोकरी ठाण्यात वागळे इस्टेटला. बाप्तिस्मा होऊन बरीच वर्षं झाली. जानेवारीत वर्षभरात बायबल संपवायचा प्लॅन घेतला होता, लेवीय या तिसऱ्या पुस्तकातच अडकले. पहाटे उठून प्रार्थना करायची ठरवते पण डबे, मुलाची शाळा, सासूबाईंचं औषधपाणी यात राहूनच जातं आणि रात्री गुडघे टेकले की डोळा लागतो. प्रार्थना सभेत बाकीच्या बहिणी साक्ष देतात, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतात, माझ्याकडे सांगायला काहीच नसतं. परवा गोळ्यांवरून सासूबाईंवर एवढी ओरडले की विचारू नका, मग रात्री त्यांच्या खाटेजवळ बसून माफी मागितली. सगळे म्हणतात देवावर सोडून दे. सोडायचं म्हणजे नक्की काय करायचं? आणि मी अशी असताना संडे स्कूलला शिकवावं का, की सोडून देऊ?
– एक बहीण, घणसोली

उत्तर : जय ख्रिस्त. तुमच्या पत्रात मी त्या खाटेपाशीच थांबले. ओरडून झाल्यावर दोन दिवस अबोला धरणं, भांडी आपटणं हे घरोघरी चालतं, पण त्याच रात्री जाऊन सासूची माफी मागायची हे सोपं नाही हो, आणि तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात. गलतीकरांस पत्रात 5:22-23 मध्ये प्रेषित पौल आत्म्याचं फळ सांगतो, त्यात प्रीती आहे, शांती आहे, सहनशीलता आहे, सौम्यता आहे. पहाटे उठणं त्या यादीत नाही आणि सभेत साक्ष देता येणंही नाही. तुम्ही वाढ शोधताय ती प्लॅनच्या टिकमार्कमध्ये, आणि देवाचं काम चाललंय सासूबाईंच्या खोलीत.

आता देवावर सोडण्याचं. मार्क 4:26 पासून येशूनं एक छोटा दाखला दिलाय, माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो आणि बी रुजून वाढतं, कसं ते त्याचं त्यालाच कळत नाही. त्या माणसाच्या झोपेला येशूनं नावं ठेवलेली नाहीत, हे मला फार धीर देतं. पण बी त्यानं टाकलंय हेही विसरायचं नाही. देव सगळं करेल म्हणून आपण नुसतं बसायचं असा अर्थ काही जण काढतात, मला तो अजिबात पटत नाही. फिलिप्पैकरांस 2:12-13 मध्ये पौल दोन्ही एका दमात सांगतो, तुम्ही आपलं तारण साधून घ्या, आणि लगेच, कारण तुमच्यात इच्छा आणि कृती घडवणारा देव आहे. म्हणजे जमेल तेवढं आपण करायचं, आणि त्याचा रिझल्ट रोज रात्री तपासत बसायचं नाही.

पंडिता रमाबाईंचंच बघा ना. 1883 ला इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1889 ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, आणि तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्पष्ट लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी मला कळलं, ख्रिस्ती धर्म सापडला होता पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी विद्वान, एवढं काम उभं करणारी बाई! मधल्या वर्षांत देवानं त्यांना सोडलं नव्हतं, शारदा सदनचं काम त्याच वर्षांत उभं राहिलं. त्यांचं केडगावचं मुक्ती मिशन तर त्यानंतरचं.

प्लॅनचं म्हणाल तर लेवीय आत्ता बाजूला ठेवा, पाप नाही ते. ठाण्याहून वाशी किंवा पनवेल गाडीत बसायला मिळालं (नाही मिळालं तर उभ्यानेच) की मोबाईलवर स्तोत्र 131 उघडा, तीनच वचनं आहेत, ऐरोली यायच्या आत दोनदा वाचून होतील. त्यात दूध तुटलेलं बाळ आईजवळ नुसतं पडून असतं, काही मागत नाही, तसा माझा जीव शांत आहे असं म्हटलंय. आठवडाभर तेच वाचा, नवीन काही घेऊ नका. आणि रात्री गुडघ्यावर झोप लागते तर खाटेवर पडून एकच वाक्य म्हणा, प्रभू, आजचा दिवस तुझ्याकडे. तेवढ्यात झोप लागली तर लागू दे.

एक मात्र सांगते. चिडचिड रोजची झाली असेल, झोप पुरत नसेल, तर ते सगळं आत्मिक समजू नका. नवऱ्याशी बोला, सासूबाईंच्या गोळ्यांची जबाबदारी आठवड्यातून काही दिवस त्यांनी घ्यावी. थकलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूतानं आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत खायला दिलं, आणि मग पुढच्या वाटेला लावलं (1 राजे 19).

संडे स्कूल सोडू नका. फारच ओढाताण होत असेल तर पाळकांना सांगून महिन्यातले दोन रविवार दुसऱ्या बहिणीकडे द्या. आणि येत्या रविवारी मुलांना हाच बियांचा दाखला शिकवा, वाटीत मटकी भिजवून न्या, पुढच्या रविवारपर्यंत मोड आलेले मुलांनाच बघू द्या.