ते आत्ता आहे कुठे, हे आधी विचार

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला तक्ता पाहिला. डावीकडे पेशीअंगकं, उजवीकडे त्यांची कामं. तंतुकणिका म्हणजे ऊर्जाघर, लयकारिका म्हणजे कचऱ्याची विल्हेवाट, गॉल्गी पिंड म्हणजे बांधाबांध आणि पाठवणी. सगळं बरोबर आहे, परीक्षेत पूर्ण गुण मिळतील. पण हा तक्ता पाठ करूनही आजार डोक्यात शिरत नाहीत, ही तुझी तक्रार रास्त आहे. तक्त्यात प्रत्येक अंगक आपापल्या चौकटीत एकटं बसलेलं असतं. पेशीत मात्र एखादं प्रथिन तयार होतं एका ठिकाणी, त्याची घडी बसते दुसरीकडे, त्यावर खूण लागते तिसरीकडे आणि ते कामाला लागतं चौथ्याच जागी. पुष्कळ आजार या वाटेवर घडतात. म्हणून तक्त्यात आणखी एक रकाना वाढव: हे प्रथिन असायला हवं कुठे, आणि आत्ता आहे कुठे?

माझ्या मते यासाठी सगळ्यात चांगला धडा म्हणजे आय-सेल आजार. आजार फार दुर्मिळ आहे, त्यामुळे पुस्तकात त्याला दोन ओळींच्या वर जागा मिळत नाही. या मुलांची वाढ खुंटते, सांधे ताठरतात, चेहऱ्याची ठेवण जाडसर होते. त्यांच्या त्वचेतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर लयकारिका न पचलेल्या पदार्थांनी ठासून भरलेल्या दिसतात. कोणालाही वाटेल की एखादं पाचक एन्झाइम कमी पडतंय. मोजलं तर एक नव्हे, अनेक एन्झाइम्स कमी! आणि तीच एन्झाइम्स रक्तात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे ती तयार होत होती, पण पेशीबाहेर निसटत होती.

जीवरसायनशास्त्रज्ञ एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये यावर जो प्रयोग मांडला, तो मुद्दाम समजून घे. निरोगी पेशींनी बाहेर सोडलेलं एन्झाइम या आजारी पेशींना दिलं, तर त्या ते आत घेत आणि ते योग्य जागी पोचे. उलट, आजारी पेशींनी बाहेर टाकलेलं एन्झाइम दुसऱ्या पेशी नीट घेतच नसत. म्हणजे घेणाऱ्या पेशीत दोष नव्हता, एन्झाइमवर काहीतरी लागायचं राहून गेलं होतं. ती खूण पुढे सापडली: मॅनोज-6-फॉस्फेट. गॉल्गी पिंडात या एन्झाइम्सच्या शर्करासाखळीवर ती लागते, तिथलंच एक ग्राहक प्रथिन (रिसेप्टर) ती ओळखून त्यांना लयकारिकेच्या वाटेला लावतं. या आजारात खूण लावणारं एन्झाइमच बिघडलेलं असतं. मग बाकीची सगळी एन्झाइम्स पत्ता न लिहिलेल्या टपालासारखी भलतीकडे जातात. दोष गॉल्गीत, साठा लयकारिकेत, पुरावा रक्तात. तुझ्या तक्त्यात या तिघांना जोडणारी एकही रेघ नाही. (यकृताच्या पेशी मात्र या खुणेवाचूनही बरंच निभावून नेतात. पेशीकडे आडवाटाही असतात, हे विसरू नकोस.)

ही खूण औषधालाही उपयोगी पडते. पॉम्पे आजारात लयकारिकेतलं ग्लायकोजेन (पेशीतली साठवणीची शर्करा) फोडणारं एन्झाइम नसतं, हे शास्त्रज्ञ हेर्स यांनी 1963 मध्ये दाखवलं. आज ते एन्झाइम शिरेवाटे देतात, आणि स्नायूंच्या पेशी ते आत घेतात ते याच मॅनोज-6-फॉस्फेटच्या आधाराने. गोशे आजारातही लयकारिकेतलं एक एन्झाइम कमी पडतं, पण साठा होतो तो मुख्यतः मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातला कचरा गिळणाऱ्या पेशींत. म्हणून तिथे एन्झाइमच्या शर्करासाखळ्या छाटून मॅनोज उघडं करतात, कारण मॅक्रोफेज ते पकडतात. औषध बनवणाऱ्याला रसायन जितकं कळावं लागतं, तितकीच पेशीतली वाट.

आता सिस्टिक फायब्रोसिस, फुप्फुसांत चिकट कफ साचवणारा आनुवंशिक आजार. याचा जनुक 1989 मध्ये सापडला. त्यातून बनणारं, क्लोराइडची वाट सांभाळणारं प्रथिन 1480 अमिनो आम्लांचं, आणि सर्वाधिक आढळणाऱ्या उत्परिवर्तनात त्यातलं 508 क्रमांकाचं एकच गळलेलं असतं. त्यामुळे घडी जरा वाकडी बसते. आंतर्द्रव्यजालिकेतली, म्हणजे अशा प्रथिनांची घडी बसते त्या अंगकातली तपासणी ते ओळखते आणि प्रथिन पुढे न सोडता मोडीत काढते. गंमत अशी, की प्रयोगशाळेत पेशी कमी तापमानाला वाढवल्या तर त्यातलं काही पेशीच्या पृष्ठभागावर पोचतं आणि थोडंफार कामही करतं. म्हणजे इथे तपासणी नको तितकी कडक ठरते. 2019 मध्ये मान्यता मिळालेल्या तीन औषधांच्या मिश्रणात दोन औषधं घडी सावरून प्रथिनाला पृष्ठभागापर्यंत पोचवतात आणि तिसरं तिथे पोचलेला मार्ग उघडा ठेवायला मदत करतं. ‘प्रथिन बिघडलं’ असं म्हणून थांबलेल्याला ही औषधं सुचली नसती.

तंतुकणिकांबद्दल थोडंच लिहितो, कारण त्यांच्यावर सगळेच लिहितात. ‘ऊर्जाघर’ या शब्दाने विद्यार्थ्यांचं नुकसानच केलंय असं माझं मत आहे. याच अंगकातून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडलं की पेशी स्वतःचा मृत्यू ओढवून घेते, हे त्या शब्दात कुठे येतं? दुसरी एक चूक मी उत्तरपत्रिकांत हमखास पाहतो: तंतुकणिकांचे आजार म्हणजे आईकडूनच येणारे. तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएत 37 जनुकं आहेत आणि त्यातून फक्त 13 प्रथिनं बनतात. बाकी हजाराहून अधिक प्रथिनांचे जनुक केंद्रकात असतात, ती बाहेर बनून आत जातात. त्यामुळे आईवडील दोघांकडून आलेल्या दोषानेही तंतुकणिका आजारी पडते. आणि आईकडून आलेला दोष असला, तरी बहुतेक वेळा एकाच पेशीत चांगला आणि सदोष डीएनए एकत्र नांदतो. सदोष डीएनएचं प्रमाण विशिष्ट मर्यादेपलीकडे गेलं की लक्षणं दिसतात. म्हणून एकाच आईच्या दोन मुलांत एक ठणठणीत आणि दुसरं गंभीर आजारी असू शकतं.

माझं आवडतं उदाहरण मात्र मूत्रपिंडाशी जोडलेलं आहे. प्राथमिक हायपरऑक्झॅल्युरियाच्या पहिल्या प्रकारात यकृतातलं एक एन्झाइम कमी पडतं, ऑक्झॅलेट साचतं आणि मुतखडे होऊन मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. काही रुग्णांत हे एन्झाइम चांगलं काम करण्याजोगं असतं. फक्त पेरॉक्सिसोम या छोट्या अंगकाऐवजी तंतुकणिकेत जाऊन बसलेलं असतं, आणि ज्या पदार्थावर काम करायचं तो तिथे नसतो. यकृताचा तुकडा वाटून एन्झाइमची क्षमता मोजणाऱ्याला ती बऱ्यापैकी भरेल आणि तो बुचकळ्यात पडेल. पेशी वाटली की पत्ते पुसले जातात, एवढं प्रयोगशाळेत उभी असताना लक्षात असू दे.

आता तुझ्यासाठी काम. झेलवेगर सिंड्रोममध्ये पेरॉक्सिसोम नीट बनतच नाहीत. तिथे जाणारी प्रथिनं पेशीद्रव्यात तशीच राहतात. त्यातलं कॅटॅलेज हे एन्झाइम पेशीद्रव्यातही टिकून काम करतं, पण अतिदीर्घ साखळीची मेदाम्लं मात्र साचत जातात. कॅटॅलेज आणि ही मेदाम्लं फोडणारी एन्झाइम्स, दोन्ही बेघर झाली असताना हा फरक का पडला असेल? पुस्तक न उघडता आधी स्वतःचा अंदाज लिही, मग ताडून बघ, आणि दोन्ही मला पाठव. अंदाज चुकला असेल तरी खोडू नकोस.

तुझा,
सर