"नक्की घेऊ" म्हणणाऱ्यांचं करायचं काय?

प्रश्न : आमचा अमळनेरचा बायकांचा बचत गट कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) तयार पिठाची पाकिटं काढणार आहे. लोकांचं मत घ्यावं म्हणून बाजाराच्या दिवशी वही घेऊन उभ्या राहिलो. निम्मे थांबतच नाहीत. थांबतात ते "छान आहे ताई, नक्की घेऊ" म्हणतात. पाकिटं छापायला टाकावीत का?

उत्तर : ताई, छपाईला एवढ्यात देऊ नका. "नक्की घेऊ" हा आपल्याकडचा पाहुणचार झाला, ऑर्डर नव्हे. समोर बाई उन्हात उभी आहे, तिला नाही कसं म्हणायचं!

मी धुळे-जळगावात साबणापासून ठिबकच्या नळ्यांपर्यंत लोकांना विचारत फिरले आहे. बाजारात दोन्ही हातांत पिशव्या असलेला माणूस थांबत नाही, त्याचं बरोबरच आहे. तुम्ही पिठाच्या गिरणीवर जा. डबा रांगेत लावून बसलेल्या बाईला वेळ असतो आणि विषयही तोच असतो.

"घ्याल का?" हे विचारूच नका. मागचं कळणं कधी दळलं, ज्वारीत उडीद किती घातले, दळून कुणाकुणाला दिलं, हे विचारा. धुळ्यात एकीने मला आधी "घेसू ना" म्हटलं. मागच्या दळणाचं विचारल्यावर डब्याचं झाकण उघडून सालीसकट उडीद दाखवले. "माले कसाले जोयजे पाकीट? घरना उडीद शेतस. सुरतले पोऱ्याले धाडस मी." (मला पाकीट कशाला हवं? घरचे उडीद आहेत. सुरतेला पोराला पाठवते मी.) म्हणजे तुमचं गिऱ्हाईक कदाचित गिरणीवर नाहीच, ते सुरतेच्या उधन्यात राहतं. सुरतेच्या गाडीला निघालेल्यांना स्टेशनबाहेर रिक्षाथांब्यावर गाठा. फलाटावर मात्र परवानगीशिवाय वही काढू नका.

हसऱ्या चेहऱ्याच्या बायकाच निवडायचा मोह होतो. त्यापेक्षा येणारी दर पाचवी व्यक्ती धरा, आणि नकार देणाऱ्यांचीही वहीत रेघ ओढा. नाव, मोबाइल नंबर मागू नका. ओटीपीच्या फसवणुकीपासून नंबर म्हटलं की माणूस दचकतो. गटाचं नाव आधी सांगा, पण पीठ तुमचंच आहे हे बोलणं संपल्यावर. आधी सांगितलंत की पुन्हा कौतुक सुरू.

अगदी शेवटी पिशवीतून अर्ध्या किलोचं पाकीट काढा, किंमत सांगा आणि गप्प बसा. पैसे काढले तर "घेतलं" लिहा. "पुढच्या वेळी" म्हणाली तर "नाही" लिहा, तिथे दयामाया नको.

आणि एप्रिल-मे असेल तर सकाळी दहाच्या आत आटपा.