मोठी माणसं पुन्हा शाळकरी होतात अशा विनोदी चित्रपटांतला मुलीसोबत कुठला बघावा?

तुम्ही विचारलंय की मुलगी यंदा अकरावीत गेली, घरातलं बोलणं कमी झालंय, आणि मोठी माणसं जादूने पुन्हा शाळकरी वयाची होतात त्या विनोदी चित्रपटांपैकी कुठला तिच्यासोबत बसून बघावा, की ते सगळे एका साच्यातले पोरकट असतात?

सगळे नसतात. सुरुवात २००३ च्या 'फ्रीकी फ्रायडे'पासून करा. त्यात आई आणि मुलीच्या शरीरांची अदलाबदल होते. आईचं काम जेमी ली कर्टिसने केलंय आणि मुलीचं लिंडसे लोहानने. आई मानसोपचारतज्ज्ञ आहे, म्हणजे लोकांच्या मनात काय चाललंय ते ऐकून घेणं हेच तिचं काम. पण घरची पोरगी सांगत असते की इंग्रजीचे सर मला मुद्दाम नापास करतात, तेव्हा आईला ती सबब वाटते. मग आईच पोरीच्या शरीरात त्या वर्गात जाऊन बसते, उत्तम उत्तर देते, तरी शेरा नापासाचाच. आणि तिला कळतं की हा माणूस आपल्याच शाळेत होता, आपण कधीकाळी त्याला नकार दिला होता आणि त्याचा राग तो आता पोरीवर काढतोय.

हे दृश्य आलं तेव्हा माझ्या लेकीने फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं. ती आठवीत असताना क्लासच्या एका बाईंबद्दल हेच सांगायची, की त्या मला सगळ्यांसमोर मुद्दाम बोलतात. मी दर वेळी म्हणायचे, "तू अभ्यास कर, बाई काय तुझ्या वैरी आहेत का?" त्या रात्री भांडी आवरून झाल्यावर मी तिला विचारलं, तेव्हा नक्की काय व्हायचं गं? आमच्या विक्रोळीच्या घराच्या गॅलरीत उभी राहून ती पाऊण तास बोलली. दोन वर्षांपूर्वीचं सगळं तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं. मी तिची माफी मागितली.

म्हणून मला हे चित्रपट मनापासून आवडतात. पुन्हा तरुण व्हायला मिळतं ही त्यांतली वरवरची गंमत. खरी गोष्ट अशी, की जिथे आपल्याला प्रवेश नाही त्या खोलीत आपल्याला बसायला मिळतं. "आम्हीही तुमच्या वयाचे होतो" असं म्हणून आपणच त्या खोलीचं दार लावून घेतलेलं असतं. या प्रकारातली एक फार जुनी गोष्ट अशाच एका वाक्यापासून सुरू होते. १८८२ साली एफ. अ‍ॅन्स्टी यांची 'व्हाइस व्हर्सा' ही इंग्रजी कादंबरी आली. सुट्टी संपून बोर्डिंगला परत निघालेल्या मुलाला बाप ऐकवतो, की शाळेचे दिवस फार सुखाचे, मला पुन्हा तुझ्याएवढं होता आलं तर किती बरं. तेव्हा त्याच्या हातात असतो 'गरुड' नावाचा खडा, आणि तो आलेला असतो हिंदुस्थानातून! बाप पोरगा होतो आणि त्याच बोर्डिंगात जाऊन पडतो. पुढे १९४८ साली पीटर उस्तिनोव्ह यांनी त्यावर चित्रपट काढला. अमेरिकेत तर १९८७-८८ च्या सुमारास अशा अदलाबदलीच्या चित्रपटांची एकामागून एक रांगच लागली होती. त्यातले बरेच आज बघितले नाहीत तरी चालतील.

'सेव्हन्टीन अगेन' (२००९) मात्र बघा, विशेषतः तुम्ही वडील आहात म्हणून. ३७ वर्षांचा माणूस, घटस्फोटाच्या उंबरठ्यावर, १७ वर्षांचा होऊन आपल्याच मुलांच्या शाळेत दाखल होतो. मोठेपणीचं काम मॅथ्यू पेरीचं, लहानपणीचं झॅक एफ्रॉनचं. अशा चित्रपटाची परीक्षा तरुण नटाची असते. चेहरा कोवळा, पण बोलणं-वागणं बापाचं दिसायला हवं. एफ्रॉन दांडग्या पोरांना उपदेश करायला लागतो तेव्हा तो खरंच कोणाचा तरी बाप वाटतो. आणि कोर्टातलं ते दृश्य! तो सगळ्यांसमोर बायकोला नवऱ्याचं पत्र वाचून दाखवतो. नंतर ती तो कागद उचलून बघते, तर त्यावर फक्त कोर्टात कसं पोचायचं तो रस्ता लिहिलेला. म्हणजे जे बोलला ते सगळं पाठ होतं, किंवा त्याच क्षणी सुचलं होतं. माझे मिस्टर सहसा सिनेमा बघता बघता झोपतात, तेव्हा उठून बसले. एक आधीच सांगून ठेवते. यात मुलीचं मन नकळत त्या नव्या मुलावर, म्हणजे बापावरच, जातं. तो भाग मला अजिबात आवडत नाही, आणि लैंगिक शिक्षणाचा एक तासही आहे. तुम्ही आधी एकट्याने बघून घ्या.

'पेगी सू गॉट मॅरिड' (१९८६) हा दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोलांचा. यात अदलाबदल नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात बेशुद्ध पडलेली बाई १९६० सालात, आपल्याच शाळकरी दिवसांत, जागी होते. गणिताच्या सरांना ती सांगते की हे बीजगणित मला पुढे कधी लागणार नाहीये, मी अनुभवाने सांगतेय. इथे तुमची मुलगी हसणारच. पण मी थांबले ती फोनपाशी. घरातला फोन वाजतो, ती उचलते आणि पलीकडून कधीच्या गेलेल्या आजीचा आवाज येतो. तिला बोलताच येत नाही. कॅथलीन टर्नरने दोन्ही वयं स्वतःच केलीत, तरुणपणासाठी दुसरी नटी घेतलेली नाही, म्हणून तो क्षण इतका लागतो.

आता माझा सगळ्यात लाडका. 'मिस ग्रॅनी', कोरियन, २०१४. तुमच्या प्रश्नात हा थोडा बाहेरचा आहे, कारण यातली ७४ वर्षांची आजी शाळकरी होत नाही, विशीची होते. घरचे आपल्याला वृद्धाश्रमात ठेवायचं बोलतायत हे तिच्या कानावर येतं. आपल्यामागे लावायला एक चांगला फोटो असावा म्हणून ती स्टुडिओत जाते आणि बाहेर येते ती तरुण होऊन. मग नातवाच्याच बँडमध्ये गाते. शिव्या, चाल, खेकसणं सगळं म्हातारीचं, त्यामुळे पोट धरून हसायला होतं. याच्या बऱ्याच देशांनी आपापल्या भाषेत आवृत्त्या केल्या. आपल्याकडे तेलुगूत 'ओह! बेबी' (२०१९) आला, समंथाचा.

आम्ही कोरियनच बघितला, तिघी मिळून. माझी आई ७६ वर्षांची. गिरगावात वाढली, सातवीनंतर शाळा सुटली कारण पाठच्या भावंडांना सांभाळायचं होतं. तिला इंग्रजी सबटायटल्स वाचता येत नाहीत, म्हणून लेक एकेक ओळ मराठीत सांगत होती, आणि मजेत सांगत होती, आजीच्या गिरगावी बोलीत. चित्रपटात असं आहे, की रक्त गेलं की त्या तरुण आजीचं म्हातारपण परत येतं. शेवटी नातवाला अपघात होतो आणि रक्त लागतं ते तिचंच. आपली आई हीच, हे ओळखलेला तिचा मुलगा तिला सांगतो की तू जा, माझ्या मुलाचं मी बघेन, तू आता तुझं आयुष्य जग. इथे माझ्या लेकीचा आवाज बंद पडला. तिला पुढची ओळ सांगता येईना. आई म्हणाली, "राहू दे बाळा, कळलं मला." आणि थोड्या वेळाने, "हे ययातीच्या उलट झालं गं."

आईने लायब्ररीतून आणून आणून खांडेकर वाचलेत. मला हे सुचलंच नसतं. महाभारतातला ययाती म्हातारपण टळावं म्हणून पोरांकडे तारुण्य मागतो. यदू नाही म्हणतो, पुरू देतो. इथे आजी आयतं मिळालेलं तारुण्य नातवासाठी देऊन टाकते. अमेरिकेच्या बहुतेक चित्रपटांत तारुण्य फुकट मिळतं आणि धडा शिकून झाला की परत जातं, कोणाला काही द्यावं लागत नाही. इथे द्यावं लागतं, म्हणून तो माझ्या मनातून जात नाही.

आणि तुमच्या मुलीला जादूबिदू आवडत नसेल तर 'निल बटे सन्नाटा' (२०१६) लावा. आग्र्याची घरकाम करणारी बाई, मुलगी दहावीत आणि गणितात कच्ची. मालकीणबाईंच्या सल्ल्याने आई त्याच शाळेत, मुलीच्याच वर्गात, गणवेश घालून बसते. स्वरा भास्करने तो संकोच इतका खरा केलाय! मुलगी लाजेने आईला ओळखच दाखवत नाही. माझ्या आईने मात्र सबंध चित्रपटभर एकच गोष्ट बघितली, त्या बाईच्या दोन वेण्या आणि रिबिनी. दुसऱ्या दिवशी तिने नातीला विचारलं, हल्ली तुमच्या शाळेत रिबिनी लावतात का?

घरात आजी असतील तर त्यांनाही मध्ये बसवा, आणि सबटायटल्स मोठ्याने मराठीत सांगायचं काम मुलीला द्या. तेवढ्यानेही तिचं बोलणं सुरू होईल.