नदी असताना गोदी कशाला?

प्रश्न: मुलगी लिव्हरपूलला नोकरीला आहे, आम्ही दोघं मे महिन्यात तिच्याकडे जातोय. सगळे तिथल्या बीटल्स बँडचंच सांगतात, पण माझे वडील मुंबईत गोदी कामगार होते त्यामुळे मला तिथल्या गोद्या बघायच्यात. एवढी मोठी मर्सी नदी असताना गोद्या वेगळ्या का बांधल्या? आणि मुंबईशी काही संबंध?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: प्रश्न एकदम आवडला! मर्सीला उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीत ९-१० मीटरचा फरक पडतो, म्हणजे सकाळी तरंगणारं जहाज दुपारी चिखलात टेकलेलं, मग माल चढवायचा-उतरवायचा कसा. म्हणून १७१५ साली थॉमस स्टीअर्सने दरवाजे लावून पाणी आत अडवून धरणारी गोदी बांधली, व्यापारी जहाजांसाठीची अशी जगातली पहिली, आणि मग नदीकाठाने मैलोनमैल गोद्याच गोद्या झाल्या. ती पहिली गोदी १८२६ मध्ये बुजवली, २००१ च्या खोदकामात परत सापडली, आता शॉपिंग सेंटरच्या खाली आहे, गाईडबरोबर उतरता येतं.

पण ह्या गोद्यांचा पैसा कुठून आला तेही बघाच. लिव्हरपूलच्या जहाजांनी आफ्रिकेतून सुमारे १५ लाख माणसं गुलाम म्हणून अटलांटिकपार नेली, १८०७ मध्ये कायद्याने बंदी येईपर्यंत हे चालू होतं. अल्बर्ट डॉक (१८४६, जेसी हार्टलीने बांधलेली, आगीच्या भीतीने लाकूड टाळून वीट, दगड नि लोखंडात) फोटोत फार सुंदर दिसते, पण तिथेच गुलामगिरीचं म्युझियम आहे आणि माझ्या मते ते आधी, फोटो नंतर. सध्या नूतनीकरणासाठी बंद ठेवलंय, तेव्हा मुलीला उघडलंय का ते बघायला सांगा.

मुंबईचा संबंध कापसाचा, आणि तो चांगलाच घट्ट आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडकला, लिव्हरपूलजवळच्या लँकेशायरमधल्या कापड गिरण्या उपाशी, मग आपल्याकडचा कापूस मुंबईहून लिव्हरपूलला भरभरून जायला लागला आणि मुंबईत पैशाचा नुसता पूर आला, समुद्रात भराव टाकायच्या कंपन्यांच्या शेअरवर लोकांनी घरदार लावलं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, कित्येकजण बुडाले. राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून झाला ते प्रेमचंद रायचंद ह्याच कापसाच्या तेजीतले बडे व्यापारी.

बाकी बीटल्स काही गोदीपासून लांब नाहीत हं, बीटल्समधल्या जॉन लेननचे वडील जहाजावरच नोकरीला होते आणि न्यूयॉर्कच्या फेऱ्या करणारे खलाशी अमेरिकन रेकॉर्ड्स घरी आणायचे.

कंटेनर आले तशी जुन्या गोद्यांमधली कामं गेली, अल्बर्ट डॉक १९७२ ला बंद पडली, हे तुमच्या वडिलांच्या पिढीला वेगळं सांगायला नको. लिव्हरपूलच्या ह्या गोदीकाठाला २००४ ला मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा युनेस्कोने २०२१ मध्ये काढून घेतला, कारण काठावरची नवी बांधकामं. ब्रॅम्ली-मूर गोदी बुजवून तर तिथल्या एव्हर्टन क्लबचं फुटबॉल स्टेडियम झालंय. मला ह्याचं वाईट वाटतं, पण पडीक जागेत काम आलं म्हणून खूश असणारे तिथले लोकही आहेत, त्यांच्याशी बोला. आणि नदीपलीकडच्या बर्कनहेडकडून फेरीबोटीने या, अख्खा गोदीकाठ पाण्यावरूनच नीट कळतो.