प्रश्नोत्तरे : तीच चूक पुन्हा का येते?

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत आमचा पीव्हीसी पाइपचा कारखाना आहे. चुकांवरच्या उपायांचा पाठपुरावा करायला वर्षभरापूर्वी सॉफ्टवेअर घेतलं. जवळपास सगळ्या नोंदी ‘क्लोज्ड’ आहेत, तरी पाइपची जाडी एका बाजूला कमी भरल्याची तक्रार दर दोन-तीन आठवड्यांनी येतेच. – क्वालिटी सुपरवायझर

उत्तर : आधी ‘काय केलं’ हा रकाना वाचा. ‘डाय (पाइपला आकार देणारा साचा) सेंटर केली, खराब पाइप ग्राइंडरला टाकले’ एवढंच असेल, तर ती तात्पुरती दुरुस्ती झाली. त्या पाळीचं भागलं, पण डाय सेंटरमधून जाते का, हे कुणी विचारलंच नाही. डाय पूर्ण तापायच्या आधीच बोल्ट आवळतात का? तापल्यावर जाडी पुन्हा मोजतात का? रात्रपाळीला मोजतं कोण? टोयोटात रुजलेली ‘पाच वेळा का’ ही पद्धत, म्हणजे प्रत्येक उत्तरावर पुन्हा ‘का?’ विचारत जाणं, इथे उपयोगी पडेल. मात्र पाच हा आकडा महत्त्वाचा नाही. ज्यावर काही करता येईल अशा कारणापर्यंत पोचलात, की थांबा.

आता सॉफ्टवेअरकडे वळू. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या कलम १०.२ मध्ये उपाय लागू पडला का, हेही तपासायला सांगितलं आहे. म्हणून ‘काम झालं’ आणि ‘परिणाम तपासला’ असे दोन वेगळे टप्पे ठेवा. दुसऱ्या टप्प्यावर सही उपाय करणाऱ्याची नको, दुसऱ्या कुणाची तरी हवी. तुमची तक्रार तीन आठवड्यांनी परतते, मग आठ दिवसांत तपासून काय कळणार? किमान दोन महिने जाऊ द्या, आणि पुरावा म्हणून फोटोऐवजी जाडीची मोजमापं जोडा. नोंदी उशिरा बंद झाल्या म्हणून मालक कुरकुर करतील. त्यांना परत आलेल्या मालाचा आकडा दाखवा.

प्रश्न : आमच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात) कापसाला बारीकसारीक आगी लागतात. नोंदीत कारण ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ आणि उपाय ‘समज दिली’ असंच येतं. – मॅनेजर, धुळे जिल्हा

उत्तर : हे वाचून वाईट वाटलं. कारणांच्या यादीतून ‘निष्काळजीपणा’ आजच काढून टाका. तो पर्याय दिसला की माणूस पुढे शोधतच नाही. कापसातून येणारा खिळा, तारेचा तुकडा, खडा, कोरडं पडलेलं बेअरिंग, यांतून ठिणगी उडते. चुंबक कुठे बसवलाय आणि तो दर पाळीला साफ होतो का, हे बघा. समज दिल्याने खिळा थांबत नाही.

तुमच्याकडे आणखी एक फसगत होते. हंगाम उतरल्यावर, मे महिन्यात, ‘दोन महिने आग नाही’ म्हणून नोंद बंद करतात. पण तेव्हा जिनिंगच बंद असते! तपासणीची तारीख पुढच्या हंगामात, आवक भरात असतानाची टाका. सॉफ्टवेअर आपोआप ३० दिवसांची मुदत घालत असेल, तर ती हाताने बदला.

प्रश्न : दाळ मिलमध्ये आम्ही १८ जण आहोत. सॉफ्टवेअर घ्यावं का?

उत्तर : सध्या नको. एक्सेलची एक शीट पुरेल : अडचण, मूळ कारण, उपाय, एकाच माणसाचं नाव, तारीख, तपासणी. मुदती निसटायला लागल्या, की मग विचार करा.

प्रश्न : कामगार अडचणी नोंदवतच नाहीत. अ‍ॅप सगळ्यांच्या फोनवर आहे.

उत्तर : त्यांच्याशी बोललात, तर बहुधा ‘आमनं कोन ऐकस?’ हेच ऐकू येईल. फॉर्म इंग्रजीत असेल तर तो मराठीत करा, आणि अहिराणीत बोलून व्हॉइस नोट टाकायची सोय ठेवा. मशीनचा फोटो आणि दोन वाक्यं बस झाली. मूळ कारण, तीव्रता वगैरे रकाने सुपरवायझरने भरायचे. आणि ज्याने कळवलं त्याला दोन दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे. उपाय जमणार नसेल, तर का जमणार नाही, हे त्याच्या मशीनपाशी जाऊन सांगा.